मंडळीला गाते ठेवणारा ऑर्गनवादक

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडच्या माणसापुढे ऑर्गनचे नाव काढले तर त्याला आधी नाटक आठवेल. दिवाळी झाली, धान घरात आले आणि गावोगावी मंडईची जत्रा भरू लागली की रात्री उशिरा पडदा उघडतो आणि झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत चालते. साथीला तबला असतो आणि ऑर्गन असतो. सौंदडहून गोंदिया-बल्लारशा मार्गाच्या गाडीत बसले की पुढे वडसा लागते. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचे हे माहेरघर. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत या रंगभूमीचा प्रेक्षक पसरलेला आहे, आणि नाट्यपद सुरू होण्याआधी ऑर्गनचा भरलेला सूर ऐकायची त्याच्या कानाला सवय आहे.

हे वाद्य मात्र रंगमंचासाठी जन्मले नव्हते. चर्चमध्ये जमलेल्या माणसांना एकत्र गाता यावे यासाठी ते घडत गेले. तिथे दर रविवारी त्यावर बसणाऱ्या माणसाचे काम बाहेरून सोपे दिसते. गीत जाहीर होते, तो वाजवतो, लोक गातात. प्रत्यक्षात संगीतातल्या अवघड कामांत त्याची गणना व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. गवयाचा साथीदार एका तयार गळ्याच्या मागे जातो. ऑर्गनवादकाच्या वाट्याला शंभर-दोनशे न शिकलेले गळे येतात. त्यांत आजोबा असतात, शाळकरी मुले असतात, सर्दी झालेले असतात, चाल अर्धीच आठवणारे असतात. या सगळ्यांना एका सुरात सुरू करायचे, मध्ये विस्कटू द्यायचे नाही आणि एकत्र थांबवायचे. तालमीची सोय नसते. त्यांच्याकडे तोंड करून हात हलवायचीही सोय नसते, कारण बहुतेक चर्चमध्ये वादकाची पाठ किंवा कूस लोकांकडे असते. मोठ्या चर्चमध्ये तर तो वरच्या सज्जात बसलेला असतो आणि वेदीजवळ काय चालले आहे हे वाद्यावर बसवलेल्या छोट्या आरशात पाहतो.

पहिली जबाबदारी पट्टी ठरवण्याची. छापील स्वरलिपीत एक पट्टी दिलेली असते, पण सकाळी लवकरच्या उपासनेला गळे उघडलेले नसतात. वरचा सूर गाठता आला नाही की माणसे ओशाळून गप्प होतात आणि एकदा गप्प झाली की पुढच्या कडव्यालाही तोंड उघडत नाहीत. म्हणून अनुभवी वादक सकाळचे गीत एक सूर खाली घेतो. म्हणजे कागदावर एक दिसत असताना बोटांनी दुसरे वाजवायचे. मग तो गीताची पहिली ओळ एकट्याने वाजवून दाखवतो. या एका ओळीतून लोकांना चाल कळते, पट्टी कळते आणि लय कळते. ओळ घाईत वाजवली तर संपूर्ण गीत घाईत जाते.

दुसरी गोष्ट श्वासाची. ऑर्गनला दम लागत नाही. भाता चालू आहे तोवर सूर अखंड निघतो, आणि यातच धोका आहे, कारण गाणाऱ्याला दम लागतो. चांगला वादक स्वरांइतकेच शब्दही वाचतो. ओळ संपते तिथे तो बोटे क्षणभर उचलतो, म्हणजे मंडळीला श्वास घ्यायला जागा मिळते. अर्थ दोन ओळींत सलग वाहत असेल तर उचलत नाही, आणि लोकही नकळत एका श्वासात पुढे जातात. दोन कडव्यांमधला विरामही दर वेळी सारख्याच मात्रांचा ठेवावा लागतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत लोकांच्या अंगात तो विराम भिनतो आणि मग कोणी खूण न करता सगळे एकदम उचलतात.

पियानो किंवा सतार वाजवणाऱ्याला ऑर्गनवर आले की हात नव्याने घडवावा लागतो. नळ्यांच्या ऑर्गनमध्ये पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच येतो. बोट उचलले की सूर तिथेच तुटतो, मागे गुंजत राहत नाही. त्यामुळे दोन सूर जोडायचे तर पट्टी दाबलेली असतानाच तिच्यावर बोट बदलायचे आणि मोकळे झालेले बोट पुढच्या पट्टीवर न्यायचे. मोठ्या वाद्यांत हातांच्या पट्ट्यांचे दोन-तीन थर असतात आणि खाली पायांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांची वेगळी रांग असते. खर्जाचे सूर तिथून येतात. उजवा हात, डावा हात आणि दोन्ही पाय वेगवेगळे चालत असतात, डोळे कागदावर आणि आरशावर, आणि कान मंडळीकडे.

या कानांवर मात्र पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. यामागचे कारण भौतिकशास्त्रातले आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. चर्चची लांबी ३० मीटर धरली तर ऑर्गनचा सूर मागच्या बाकापर्यंत पोहोचायला जवळजवळ ०.०९ सेकंद लागतो. मागचे लोक सूर ऐकून गातात आणि त्यांचा आवाज वादकापर्यंत परत यायला तेवढाच वेळ लागतो. म्हणजे वादकाला मागच्या बाकांचे गाणे सुमारे ०.१८ सेकंद उशिरा ऐकू येते. गीताची लय मिनिटाला ८० मात्रांची असेल तर एक मात्रा ०.७५ सेकंदाची होते. जवळजवळ पाव मात्रा मंडळी मागे आहे, असे त्याला वाटत राहते. आता दया येऊन तो त्यांच्यासाठी थोडा थांबला तर काय होईल? लोक त्याच्या थांबलेल्या सुरावर गातील, तेही परत उशिरानेच त्याच्या कानी येईल, आणि तो आणखी थांबेल. तिसऱ्या कडव्यापर्यंत गीताचे पाय चिखलात रुततात. जगभरच्या चर्चमध्ये गीते रेंगाळतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे. उपाय एकच. वादकाने लय मनात पक्की धरायची, कानावर येणाऱ्या उशिराकडे दुर्लक्ष करायचे आणि तरीही मंडळी खरोखर दमली आहे का, हे ओळखायचे. ही ओळख फक्त वर्षानुवर्षांच्या बैठकीने येते.

वादकाने स्वतःची कला किती दाखवावी, हा प्रश्नही जुनाच आहे. योहान सेबास्टियन बाख १७०३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, जर्मनीतल्या आर्नश्टाट गावात ऑर्गनवादक म्हणून नोकरीला लागला. १७०५ मध्ये तो चार आठवड्यांची रजा घेऊन सुमारे ४०० किलोमीटरवरच्या ल्युबेकला डिट्रिच बुक्स्टेहूडे या थोर वादकाला ऐकायला गेला आणि जवळजवळ चार महिन्यांनी परतला. फेब्रुवारी १७०६ मध्ये चर्चच्या मंडळाने त्याला जाब विचारला. रजेचा मुद्दा होताच, पण त्याशिवाय तक्रार अशी होती की तो स्तोत्रांच्या साथीत इतके अनोळखी सूर मिसळतो की मंडळी गोंधळते. मला यात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. बाखची प्रतिभा आवरणे शक्य नव्हते आणि गाणाऱ्यांची तक्रारही रास्त होती. साथीला बसलेल्याने कितीही मोठा कलावंत असला तरी समोरच्याचा सूर झाकू नये, हे आपल्याकडच्या पेटीवाल्यालाही गुरू पहिल्याच वर्षी सांगतो.

हे वाद्य आपल्या मुलखात दोन रूपांत आले. पहिले रूप नळ्यांचे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन बनवला, तिथून त्याचा वंश सुरू होतो. प्रत्येक सुराला वेगळी नळी. आठ फूट लांबीच्या उघड्या नळीतून येतो त्याच्या बरोबर एक सप्तक खालचा सूर हवा असेल तर सोळा फुटी नळी लागते. मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळचे, १७१८ साली सुरू झालेले सेंट थॉमस कॅथेड्रल किंवा कुलाब्याचे १८५८ सालचे अफगाण चर्च अशा ठिकाणी ही वाद्ये आली. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी, गायन आणि वाद्य शिकवणारे ‘मेस्त्री’ होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांना वादक पुरवणारी खाण हीच. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याच्या चर्चमधल्या गायनवृंद प्रमुखाचे चिरंजीव होते.

नळ्यांचा ऑर्गन आपल्या हवेत सांभाळणे मात्र कठीण. हवा तापली की नळीतला सूर चढतो, एका अंश सेल्सिअसला साधारण तीन सेंट या हिशेबाने. लगतच्या दोन स्वरांत शंभर सेंटचे अंतर असते. गोंदिया जिल्ह्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा अंशांवर येतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसला भिडतो. असे वाद्य सौंदडला ठेवले तर थंडीतला सा उन्हाळ्यात जवळजवळ कोमल ऋषभाच्या जागी जाऊन बसेल. त्यात पावसाळ्यात लाकूड फुगते, झडप नीट बंद होत नाही, आणि पट्टी सोडली तरी एखादा सूर वाजतच राहतो. उपासनेच्या मधोमध असे झाले की वादकाला त्या नळ्यांचा खटका बंद करून उरलेल्या सुरांवर भागवावे लागते.

दुसरे रूप पितळी पट्ट्यांचे, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. अलेक्झांडर डेबेन याने १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. पायांनी भाता मारायचा, हवा पातळ पट्टीवरून जाते, पट्टी थरथरते आणि सूर उमटतो. पुढे अमेरिकेत हवा बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढणारी रचना रूढ झाली. तिचा आवाज मऊ आणि भरलेला. व्हर्माँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टी कंपनीने असे पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनवले, छोट्या चर्चसाठी आणि घरच्या दिवाणखान्यांसाठी. बिल्हॉर्न नावाच्या शिकागोच्या कारखान्यात तर पेटीसारखे मिटून उचलून नेता येणारे ऑर्गन तयार होत, आणि धर्मप्रचारक ते घेऊन फिरत. धातूच्या पट्टीचा सूर उन्हाने फारसा हलत नाही. या वाद्यात पायांच्या दाबाने आवाज लहानमोठा करता येतो आणि गुडघ्याने बाजूला सारायच्या दांड्याने आणखी खुलवता येतो. मराठीत ‘पायपेटी’ आणि ‘ऑर्गन’ ही नावे रुळली. पाय काढून, मागे हाताचा भाता लावून जमिनीवर बसून वाजवायची पेटी कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडवली. तीच आज भजनी मंडळापासून चर्चपर्यंत सगळीकडे आहे.

वाद्य आले, पण गीतांचे काय? अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला सुरू झाले. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले आणि स्कॉटिश मिशनचे काम पुढे भंडाऱ्यापर्यंत पोहोचले. सौंदड ज्यात होते तो जुना भंडारा जिल्हा हाच. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. सुरुवातीच्या गीतांत इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवलेले असत. इंग्रजी स्तोत्रांचा एक फार चालणारा साचा आठ-सहा-आठ-सहा अवयवांचा आहे, आणि त्यात आघात ठरलेल्या जागी पडतो. मराठीत तसा आघात नाही, ऱ्हस्व-दीर्घ आहे. म्हणून लांब सुरावर ऱ्हस्व अक्षर येई आणि गाणारा अडखळे. ऑर्गनवादकाला ती चाल चार आवाजांच्या स्वरमेळात वाजवायची असे, पण मंडळीच्या कानाला असा स्वरमेळ परका होता.

ही कोंडी फोडणाऱ्यांत अग्रणी नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९). नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका मिशनऱ्याने त्यांना बायबलचा नवा करार दिला, आणि तिथून त्यांच्या आयुष्याला वळण लागले. तो रेल्वेमार्ग गोंदियावरूनच जातो, हे या भागातल्या वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. त्यांनी ओवी, अभंग आणि पदांतून ख्रिस्तभक्ती लिहिली, ख्रिस्ती कीर्तने केली. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. त्यांची अनेक गीते ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतपुस्तकात आहेत आणि आजही दर रविवारी गायली जातात.

याचा परिणाम असा की मराठी चर्चमधल्या वादकाला दोन विद्या याव्या लागतात. पहिले गीत पाश्चात्त्य चालीचे असेल तर चार ओळींची स्वरलिपी वाचून स्वरमेळ वाजवायचा. पुढचे टिळकांचे पद असेल तर स्वरमेळ बाजूला ठेवून एकच चाल, तबला किंवा ढोलकीच्या ठेक्याला धरून, पेटीवादकासारखी वाजवायची. पाश्चात्त्य गीतात कडवी सारखी पुढे जातात. पदात ध्रुवपदावर परत यायचे असते, आणि गाणारे ध्रुवपद दोनदा घेतील की तीनदा, हे आयत्या वेळी ठरते. कॅथलिक चर्चमध्ये लोकभाषेतल्या उपासनेला आणि इतर वाद्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली वाट मोकळी करून दिली. त्याच दस्तऐवजात नळ्यांच्या ऑर्गनचा मानही राखला आहे. वसईच्या मराठी मिस्सात आज पेटी-तबला ऐकू येतो, त्याला ही पार्श्वभूमी आहे. एका तासात दोन संगीतपरंपरांत ये-जा करणारा हा वादक मराठी संगीताच्या इतिहासात मोजला गेला नाही, ही उणीव आहे.

रविवार संपला तरी काम संपत नाही. एकाच दिवशी सकाळी दफनविधी आणि संध्याकाळी लग्न, असे वाट्याला येते. सकाळी शोकाने गळे दाटलेले असतात, मंडळी जवळजवळ गातच नाही, आणि वादकाला संपूर्ण गीत एकट्याने उचलून धरावे लागते. तिथे आवाज मोठा केला तर कठोर वाटतो, फार लहान ठेवला तर गाणाऱ्यांना आधार उरत नाही. संध्याकाळी नवरीची वाट पाहत अर्धा-पाऊण तास वाजवायचे आणि ती दारात दिसली की दुसऱ्याच क्षणी मिरवणुकीच्या चालीवर यायचे. मेंडेल्सझोनचे विवाह-संचलन १८५८ साली राणी व्हिक्टोरियाच्या मुलीच्या लग्नात वाजले आणि तिथून जगभर रुजले. नवरी किती सावकाश चालते यावर वादकाला सूर लांबवावे किंवा आखडावे लागतात. अर्पण गोळा होताना, प्रभुभोजनाच्या रांगेतही हेच. पाळक किंवा फादर तयार झाले की वाजत असलेली चाल कुठूनही वळवून, ती तिथेच संपायची होती असे वाटावे इतक्या नेटकेपणे सा वर आणायची.

वर्षाचीही एक लय असते. नाताळच्या आठवड्यात रात्रीची उपासना, सकाळची उपासना, मुलांचा कार्यक्रम असे सलग चालते. कॅथलिक प्रथेत उपवासकाळात ऑर्गन फक्त गाण्याला आधार म्हणून वाजतो, एकट्याने नाही. जुन्या प्रथेप्रमाणे पवित्र गुरुवारच्या गौरवगीतानंतर तो पूर्ण थांबतो आणि ईस्टरच्या जागरणविधीत पुन्हा उघडतो. उत्तम शुक्रवारी वादक वाद्याला हात लावत नाही, आणि मंडळीला आपल्याच आवाजावर गावे लागते. वर्षभर त्याने त्यांना कसे तयार केले आहे, हे त्या दिवशी समजते.

चर्चमधून हे वाद्य मराठी रंगभूमीवर गेले, ही आपल्या संगीताच्या भाग्याची गोष्ट. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगमंचावर आले आणि नाट्यसंगीताची वाट सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी पायपेटी आणि ऑर्गन त्यात स्थिरावले. गोविंदराव टेंब्यांसारखा श्रेष्ठ पेटीवादक ‘मानापमान’च्या चाली देऊ लागला. गंधर्व नाटक मंडळीत थिरकवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन अशी साथ होती. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, कारण तिच्या ठरीव स्वरांत मींड आणि श्रुती बसत नाहीत. आक्षेप शास्त्राला धरून होता. पण ज्यांना उघड्यावर बसलेल्या हजारो माणसांपर्यंत नटाचा सूर पोहोचवायचा होता, त्यांना या वाद्याशिवाय गत्यंतर नव्हते. झाडीपट्टीतही दंडार या लोकनाट्याच्या जोडीला संगीत नाटक रुजले आणि ऑर्गन आला. नटाला सूर देणे, वेश बदलेपर्यंत जागा भरून काढणे, पद लांबले तर सोबत राहणे ही तिथल्या वादकाची कामे चर्चच्या वादकाच्या कामांशी तंतोतंत जुळतात. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर या रंगभूमीकडे देशाचे लक्ष गेले. वाद्यामागे बसलेल्यांकडेही आता ते जायला हवे.

आज चर्चमध्ये आणि नाटकातही विजेचा कीबोर्ड आला आहे. तो हलका आहे, पट्टी बदलायला एक बटण पुरते, आणि वादकाची मेहनत वाचते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्याच्या तयार ठेक्यावर मंडळीला पळवणे म्हणजे साथ नव्हे; यंत्राचा ठेका कोणाच्या श्वासासाठी थांबत नाही. कीबोर्डवरही ठेका बंद करून, शब्द वाचत, लोकांच्या दमाने वाजवता येते. मंडळ्यांनी तरुण मुलांना जुन्या वादकाशेजारी निदान एक वर्ष बसवावे.

आणि एक विनंती. एखाद्या जुन्या चर्चच्या खोलीत, मिशनच्या शाळेत किंवा नाटक मंडळीच्या सामानात पायपेटी किंवा ऑर्गन धूळ खात पडला असेल तर तो भंगारात देऊ नका. बहुतेक वेळा भात्याचे कापड फाटलेले असते, पायाचे पट्टे तुटलेले असतात आणि पट्ट्यांमध्ये धूळ किंवा उंदराने ओढलेला कचरा असतो. पितळी पट्ट्या शंभर वर्षांनीही शाबूत सापडतात. पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलवा, भाता नव्या कापडाने मढवून घ्या, आणि वाद्य ओल नसलेल्या जागी, भिंतीपासून थोडे दूर ठेवा. रोज थोडा वेळ वाजवले तर ते आणखी एक पिढी चालते.